दोन हजारात दहा कमी

गेल्या अंकात या सदरात मी एका ओळीत सांगून टाकलं होतं, की नेटसाठी लिहिलेल्या माझ्या लेखांचा आकडा दोन हजारांवर गेला. ती ओळ लिहायला नको होती असं आता वाटतं. एरवी महिन्याला आठ-दहा पत्रं येतात, तीही ऱ्हस्व-दीर्घाची. या वेळी त्रेचाळीस आली आणि एकातही ऱ्हस्व-दीर्घ नाही. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, सारख्या प्रश्नांतून एकेक उचललाय. आणि हो, दोघांनी मला 'ज्येष्ठ साहित्यिक' म्हटलंय. नागपुरात आमच्या त्रिमूर्तीनगरच्या गल्लीत मला 'कॉम्प्युटरवाल्या काकू' म्हणतात. तेवढं पुरे.

प्रश्न : दोन हजारावा लेख कशावर होता? तो लिहिताना काय वाटलं? (एक वाचक, अमरावती)

सोपा प्रश्न म्हणून पहिला घेतला आणि इथंच माझी पंचाईत झाली.

माझ्याकडे लाल कापडी बांधणीची एक चोपडी आहे, इतवारीतून आणलेली, दुकानदार उधारी मांडतात तसली. ऑगस्ट 2014 पासून लागलेला प्रत्येक लेख तिच्यात आहे. क्रमांक, तारीख, विषय, शब्द, कुणासाठी, पैसे आले का. तुमच्या पत्राला उत्तर लिहायचं म्हणून परवा रात्री ती काढली आणि जुनी पानं चाळत बसले. पंधराव्या पानाच्या तळाशी 439, 'बाळाला दात येताना'. पान उलटलं. वरची पहिली ओळ 450.

आधी वाटलं, मधलं पान फाटलं असेल. शिवण बघितली, धड होती. तारखा बघितल्या, 16 मे 2017 आणि 17 मे 2017. एका रात्रीत दहा लेख लिहिणारी बाई मी नव्हे. मग उजेड पडला. चारशे एकोणचाळीस लिहून पान उलटलं, तेवढ्यात मनात त्याचं चारशे एकोणपन्नास झालं आणि पुढे सरळ साडेचारशे. या 'एकोण'च्या आकड्यांनी मला दुसरीत रडवलं होतं, चाळिशीत पुन्हा गाठलं. त्या आठवड्यात आमच्या कूलरची मोटर जळाली होती आणि बाहेर नागपूरचा मे महिना होता, एवढाच काय तो माझा बचाव.

म्हणजे जो दोन हजारावा म्हणून मी मिरवला तो निघाला एकोणीसशे नव्वदावा. संत्र्याच्या मृग बहारावर होता, विषयही कसा गावाला शोभेलसा. त्याच्या नावाने अर्धा किलो संत्राबर्फी गल्लीत वाटून झाली होती. सासूबाईंना चूक सांगितली तर म्हणाल्या, "मग आता बर्फी परत मागायची काय?"

मधल्या तीन आठवड्यांत आणखी दहा लागले. खरा दोन हजारावा गेल्या मंगळवारचा : 'कूलरला वास का येतो?', 640 शब्द, कूलर विकणाऱ्या एका कंपनीच्या साइटसाठी, लेखिकेचं नाव नाही. लिहिताना काहीही वाटलं नाही, कारण तो दोन हजारावा आहे हे ठाऊकच नव्हतं. पण खरं सांगू का, संत्र्याच्या लेखापेक्षा मला हाच आवडतो. यातली एकेक ओळ माझ्या हातून गेलेली आहे. दर मार्चला गच्चीवर कूलर ओढायचा, मागच्या वर्षीच्या ताट्या काढायच्या. बोअरच्या पाण्याचे क्षार बसून वाळ्याच्या काड्या पांढऱ्या, कडक झालेल्या असतात, हाताने दाबलं की कुरकुरतात. तेवढ्या भागातून हवा येत नाही आणि पाणीही उतरत नाही. वास येतो तो टाकीत आठवडाभर साचलेल्या पाण्याचा आणि ओल्याच बंद केलेल्या ताट्यांचा. उपाय बिनपैशाचा आहे : सकाळी कूलर बंद करण्याआधी दहा मिनिटं पंप बंद ठेवून नुसता पंखा चालू द्यायचा, ताट्या सुकतात. आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण उपसून, पुसून कोरडी करायची, म्हणजे डेंग्यूच्या डासांची अंडीही जातात. कूलर म्हणजे तरी काय, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेते एवढंच. म्हणून आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तो देव वाटतो आणि पाऊस लागला की त्याच खोलीत अंग चिकचिकतं.

प्रश्न : ताई, एवढं काऊन लिहून राहिल्या? थकत नाही काय? (एक वाचक, वर्धा)

थकून राहिली ना बापा.

प्रश्न : दोन हजारांतले तुमच्या नावाचे किती? ज्यावर नावच नाही तो लेख तुमचा कसा म्हणायचा? (एक वाचक, चंद्रपूर)

बोचरा प्रश्न आहे. दोन दिवस टाळला.

नावाचे 311. बाकीचे कंपन्यांच्या, डॉक्टरांच्या, दुकानांच्या, एका लग्नकार्यालयाच्याही खाती. तिथं 'आमच्या तज्ज्ञांच्या मते' असं छापून येतं आणि तज्ज्ञ म्हणजे मी, स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी. याचं मला फार दुःख नाही. काम घेतानाच सांगितलेलं असतं की नाव जाणार नाही. शिंपी शर्टावर आपलं नाव घालून देत नाही, पण शिवण त्याचीच असते. माझे लेख मला तीन ओळींत ओळखू येतात. एका साइटवर मी लिहिलेलं वाक्य वाचून आमच्या नणंदबाईंनी मलाच फोन करून सांगितलं होतं, की अगं, असं असं करायचं असतं म्हणे. मी 'हो का' म्हटलं.

दुःख दुसऱ्या गोष्टीचं आहे. सुरुवातीला मी एका मराठी साइटसाठी लिहायचे, पैसे कमी पण नाव द्यायचे. चार वर्षांत तिथं माझे 212 लेख होते, त्यातले 140 नावाचे. 2018च्या दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी साइट उघडेना. मला वाटलं आपलं नेट गेलं. शेजारच्या पोराच्या फोनवर पाहिलं, तिथंही नाही. मालकांनी फोन उचलला नाही, आठवड्याने एक मेल आला : 'अपरिहार्य कारणास्तव'. झालं. पुस्तक बंद पडलं तर निदान कुणाच्या तरी माळ्यावर एक प्रत असते. इथं पाटी पुसल्यासारखं सगळं साफ. मी वेड्यासारखी थेट साइटच्या खिडकीतच टाइप करायची, घरी प्रत नाही.

पुढे कुणीतरी इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन दाखवलं. जुन्या वेबपानांच्या प्रती ते साठवून ठेवतं, पत्ता टाकला की त्या दिवशीचं पान समोर येतं. पण सगळ्या पानांच्या प्रती त्याच्याकडे असतातच असं नाही. महिनाभर रोज रात्री बसून माझे 38 मिळाले, काहींतली चित्रं गायब, एकात अर्धा मजकूरच. बाकी 174 लेख आज फक्त लाल चोपडीत आहेत, प्रत्येकी एक ओळ. त्यामुळे दोन हजार म्हणजे नेटवर दिसणारे दोन हजार नव्हेत. कुणी पुरावा मागितला तर चोपडी दाखवीन, आणि तिच्यात दहा आकडे गळालेले आहेत. हसा.

तेव्हापासून लेख लागला की त्याच दिवशी पानाची पीडीएफ करते, मग चोपडीत ओळ लिहिते. उलट्या क्रमाने कधीच नाही.

मालकीचं विचारलंत म्हणून कायद्याचंही सांगते. आपला कॉपीराइट कायदा 1957चा आहे. त्यात लिहिणाराच पहिला मालक. मात्र नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून लिहिलं तर मालकी सहसा नोकरी देणाऱ्याची. आपण फ्रीलान्सवाले कुणाचे नोकर नसतो. हक्क द्यायचे तर ते लेखी, सहीनिशी द्यावे लागतात. त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ते 5 वर्षांपुरते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते धरले जातात. म्हणून कंपन्या करारात 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे दोन शब्द न विसरता घालतात. मी आता सही करण्याआधी तेच दोन शब्द शोधते. दिसले तर दर वाढवून मागते. निम्मे लोक देतात, निम्मे दुसरी लेखिका बघतात.

प्रश्न : यावर घर चालतं का? खरं सांगा. (एक वाचक, अकोला, असाच प्रश्न आणखी अकरा जणांचा)

घर नाही चालत. विजेचं बिल, सासूबाईंची औषधं आणि पुण्याला शिकणाऱ्या मुलीची मेस चालते. घर नवऱ्याच्या पगारावर आणि बर्डीतल्या डीटीपी सेंटरमध्ये मी सकाळी चार तास मुद्रितं तपासते त्यावर चालतं. पहिला लेख 500 शब्दांचा होता, दीडशे रुपये मिळाले, म्हणजे शब्दाला 30 पैसे. आज माझा दर शब्दाला 1 रुपया 20 पैसे आहे. अकरा वर्षांत चौपट झाला म्हटलं की छान वाटतं, म्हणून तसंच म्हणते.

एक चूक मात्र तुम्ही करू नका. पहिली काही वर्षं मला वाटायचं, पैसे पाठवणारे ठरल्यापेक्षा थोडे कमीच पाठवतात. भिडेखातर विचारलं नाही. ते 10 टक्के टीडीएस कापत होते, माझ्या पॅनवर सरकारकडे भरत होते. माझं उत्पन्न करपात्र नव्हतंच, पण विवरणपत्र भरल्याशिवाय कापलेले पैसे आपोआप परत येत नाहीत. सीएकडे गेले तोवर दोन वर्षांची मुदत टळलेली होती. 7,140 रुपये. आजही आकडा तोंडपाठ आहे, आणि त्यात मात्र काही गळालेलं नाही. आयकराच्या साइटवर आपल्या पॅनसमोर कुणी किती कापले ते दिसतं. वर्षातून दोनदा तरी उघडून बघा.

प्रश्न : एकाच विषयावर पुन्हा पुन्हा लिहावं लागतं का? कंटाळा येत नाही? (एक शिक्षिका, भंडारा)

मारबतीवर, म्हणजे नागपुरात मिरवून जाळतात त्या मोठ्या पुतळ्यावर, आत्तापर्यंत अकरा लेख झाले. पोळ्याच्या आधी पंधरा दिवस फोन सुरू होतात. पुण्या-मुंबईच्या साइटवाल्यांना तेव्हा अचानक आठवतं की नागपूरला काहीतरी वेगळं असतं. माहिती तर तीच राहणार. काळी मारबत 1881 पासून, पिवळी 1885 पासून, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणूक, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' ही आरोळी, शेवटी दहन. हे मी झोपेत लिहीन. चौथ्या लेखाला माझाच मला वीट आला, जुन्याच लेखाची वाक्यं फिरवून दिली. संपादकबाईंनी एका ओळीत परत पाठवला : 'ताई, हा मी मागच्या वर्षी दुसरीकडे वाचलाय.' लाज वाटली.

तेव्हापासून दर वर्षी मिरवणुकीच्या दिवशी महाल भागात जाऊन उभी राहते. दर वर्षी बदलतात ते बडगे, म्हणजे मारबतीसोबत निघणारे टीकेचे पुतळे. कधी महागाईचा, कधी खड्ड्यांचा, कधी कुठल्या पुढाऱ्याचा. तेवढी नवी बातमी मिळतेच. पण एका वर्षी मी बडग्यांकडे बघितलंच नाही. त्याच दिवशी तान्हा पोळा असतो, पोरं लाकडी बैल दोरीने ओढत फिरतात. एका पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या बैलाचं मागचं चाक निघालं. तो ओढतच राहिला, बैल एका बाजूला कलून डांबरावर खरखर घासत चालला. आईने बैल उचलून पिशवीत घातला तर पोरगं भोकाड पसरून बसलं : बैल पिशवीत जात नसतो! मग तिने एका हाताने बैलाचं ढुंगण वर धरलं आणि वाकून वाकून चालत राहिली, घरोघरी बोजारा, म्हणजे पोरांना मिळणारी पोळ्याची खुशाली, मागत. माझा तो लेख अर्धा त्या बाईच्या कमरेवर होता. अकरांतला तेवढा एक मला पुन्हा वाचावासा वाटतो.

उलटही होतं. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि आठवड्यात मला सहा जणांनी एकच लेख मागितला. त्यातल्या चौघांना पाठवले. चौघांनीही 'मराठीचा मोठा विजय' असा मथळा स्वतःच ठरवून ठेवला होता. त्याच दिवशी पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली या भाषांनाही दर्जा मिळाला हे वाक्य मी चारही लेखांत घातलं. तिघांनी कापलं.

प्रश्न : मराठी टाइप कशाने करता? आणि सगळ्यात फजिती झालेली चूक कोणती? (एक विद्यार्थी, नागपूर)

दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे रे. सुरुवातीला मी इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या कीबोर्डवर लिहायची. एका मसालेवाल्यासाठी लग्नाच्या जेवणावर लेख होता : सावजी रस्सा करणाऱ्या आचाऱ्यांना पाचशे पानांसाठी किती मसाला लागतो. कीबोर्डला अर्धा र धड जमेना, मीही घाईत, आणि छापून आलं 'आचार्यांना'. दोन दिवस नागपुरातले आचार्य मटणाचा रस्सा ढवळत होते. मसालेवाल्याला कुणीतरी स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा त्याचा फोन आला. बिचारा चिडला नाही, त्याला हसूच आवरेना.

त्यानंतर इन्स्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड, शिकले. शिफ्ट धरून जे म्हणजे ऱ, मग डी म्हणजे हलन्त, मग य. आचाऱ्यांना, दुसऱ्या, वाऱ्यावर. बोटांना बसायला तीन आठवडे लागले, त्या काळात घरात कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. तू विद्यार्थी आहेस, आत्ताच शीक.

प्रश्न : आता एआय एका मिनिटात लेख लिहितं. तुमचं कसं होणार? (तीन वाचक)

व्हायचं ते सुरू झालंय. गेल्या वर्षी तीन नेहमीची गिऱ्हाईकं गेली. त्यातलं एक परत आलं, पण 'यंत्राने लिहिलेलं जरा मराठी करून द्या' म्हणून आणि निम्म्या दरात. पहिल्याच फायलीत 'आपल्या उन्हाळ्याला थंडावा भेट द्या' असं वाक्य होतं. उन्हाळ्याला भेट कशी द्यायची, कागदात गुंडाळून? घेते ती कामं, विजेचं बिल थांबत नाही. पण चोपडीत ती मांडत नाही. ही अट माझी मीच घातली आहे आणि तिचं कारण कुणाला समजावून सांगता येत नाही, नवऱ्यालाही नाही.

प्रश्न : घरचे तुमचं लिखाण वाचतात का? (एक वाचक, यवतमाळ)

मुलगी वाचत नाही, फक्त लिंक पुढे पाठवते. नवरा पहिला परिच्छेद वाचून 'मस्त' म्हणतो. सासूबाईंना फोनवरची अक्षरं दिसत नाहीत, म्हणून त्यांना विषय सांगायचा आणि आकडा सांगायचा. रात्री दूध घेऊन गेले की "आज कितवा?" हे ठरलेलं. गेल्या आठवड्यात मी त्यांना म्हटलं, आई, 450 पासून पुढचे सगळे आकडे खोडून नव्याने घालावे म्हणते, पंधराशेच्या वर ओळी आहेत. त्या म्हणाल्या, दे इकडे. भिंग लावलं आणि पंधराव्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलं, 'इथे दहा गळाले'. खाली तारीख घातली. वही मिटून माझ्या हातात दिली.

आकडे खोडले नाहीत. पुढचा लेख लागला त्याला चोपडीत 2011 घातला आहे.

या सदराचं विचाराल तर ते त्यात धरत नाही. छापील मजकूर मी मोजत नाही, नाहीतर ते दहा केव्हाच भरून निघाले असते.